झाड लहान करायचंय, त्याचं मुंडण नाही

मे महिन्यात ठाण्याच्या पाचपाखाडीत किंवा खाडीपलीकडे वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांत चक्कर मारली, तर दर चार-पाच सोसायट्यांमागे एक झाड असं दिसतं: सरळ बुंधा, त्यावर तीन-चार जाड खुंट आणि पान एकही नाही. पावसाळ्याआधीचं ‘ट्रिमिंग’ उरकलेलं असतं. कमिटीला वाटतं, चला, आता दोन-तीन वर्षं बघायला नको. प्रत्यक्षात याच झाडावर पुढची दहा वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

बेसुमार वाढलेल्या झाडाचा आकार कमी करता येतो. नीट केला तर फांदी खिडकीच्या जाळीला घासत नाही, खालच्या मजल्यांना उजेड मिळतो, वाऱ्याचा ताण उतरतो आणि झाडही धडधाकट राहतं. सगळी मेख आहे ती काप कुठे घ्यायचा यात.

खुंट ठेवल्यावर झाड काय करतं

झाडाची कमाई पानांत होते आणि शिल्लक स्टार्चच्या रूपाने खोडात, मुळांत साठते. शेंडेच उडवले की कमाई एका दिवसात बंद पडते, खर्च मात्र चालूच राहतो. मुळांना, सालीला, खोडाला अन्न लागतंच. मग झाड शिलकीत हात घालतं. सालीखाली वर्षानुवर्षं झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, जागे होतात आणि कापाच्या काठाशी झुपकाच्या झुपका फोक फुटतात. बागायतदार यांना पाणसोट म्हणतात. पहिल्याच पावसाळ्यात ते माणसाच्या डोक्यावर जातात, दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा जुन्या उंचीला पोचतं, आणि आता एका फांदीच्या जागी दहा असतात.

या दहा फांद्या कशाच्या आधाराने उभ्या असतात हे पाहण्यासारखं आहे. साधी फांदी खोडाबरोबर लहानपणापासून जाड होत जाते. दरवर्षी खोडाच्या लाकडाचा एक थर तिच्या बुडाभोवती चढतो, तंतूंत तंतू गुंफले जातात. भिंत बांधतानाच चिणलेल्या कड्यासारखी ती आत रुतलेली असते. पाणसोट मात्र सर्वांत बाहेरच्या थरावर बसलेला, प्लास्टरवर ठोकलेल्या खिळ्यासारखा. तो मनगटाएवढा झाला, वर पानांचा भार आला आणि खालचा खुंट तोवर कुजला, की पहिल्या जोराच्या सोसाट्याला बुडासकट निखळतो.

खुंट कुजतोच, कारण झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. कापलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड आतल्या बाजूने पेशींच्या भिंती घालून कुज अडवायला बघतं आणि बाहेरून नव्या लाकडाची कड वाढवत जखमेचं तोंड झाकत आणतं. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून ही यंत्रणा १९७०च्या दशकात दाखवून दिली. जखम लहान असेल तर झाड ही शर्यत जिंकतं. दहा सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल, तर आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत बहुतेक वेळा बुरशी जिंकते. मुंडण केलेल्या रेन ट्रीच्या खुंटाचं तोंड वीस-पंचवीस सेंटीमीटरचं असतं, आणि असे चार खुंट असतात.

शिवाय ऊन. वरच्या पानांच्या सावलीत वाढलेली साल अचानक मे महिन्याच्या उन्हात उघडी पडते. गुलमोहराच्या पातळ सालीवर चट्टे पडतात, साल सुटते आणि खोडकिड्यांना घर मिळतं.

मग कापायचं कुठे

आकार कमी करण्याचा योग्य काप एकाच प्रकारचा असतो: लांब फांदी मागे आणायची ती तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत. समजा, रेन ट्रीची एक फांदी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरली आहे. टोकापासून मागे मागे या. जिथे एक चांगली उपफांदी योग्य दिशेला, म्हणजे इमारतीपासून दूर किंवा वरच्या बाजूला गेलेली दिसेल, तिथे थांबा. त्या बेचक्याच्या लगेच पुढे काप घ्या. आता ती उपफांदी नवा शेंडा झाली. रस तिच्याकडे वळतो, मागच्या लाकडाला तिची पानं पोसतात, झोपलेल्या डोळ्यांना उठायचं कारण राहत नाही.

अट एकच, आणि तिच्यात सूट नाही. उपफांदीची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश हवी. कापाच्या जागी मूळ फांदी नऊ सेंटीमीटर असेल तर उपफांदी तीन सेंटीमीटरची हवी. पेन्सिलीएवढ्या डहाळीवर जाड फांदी सोपवली, तर तो काप दिसायला नियमातला, पण प्रत्यक्षात खुंटच. मनासारखी जाडी मिळेपर्यंत फार मागे यावं लागत असेल आणि काप दहा सेंटीमीटरच्या वर जात असेल, तर ती फांदी यंदा कमी होणार नाही असं समजावं. एक तर ती तशीच ठेवायची, नाही तर खोडाशी, तिच्या बुडापासून पूर्ण काढायची. अधलामधला काप सर्वांत वाईट.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम फसवं वाटतं. दिवसभर माणसं झाडावर आणि संध्याकाळी झाड जवळपास तसंच! खाली पडलेला ढीगही लहान फांद्यांचाच. पण गणित वेगळं सांगतं. झाडाचा पसारा ढोबळमानाने गोल धरला आणि दहा मीटर व्यासाचा नऊ मीटर केला, तर व्यास फक्त दहा टक्के घटतो, पण आकारमान २७ टक्के कमी होतं. आठ मीटर केला तर जवळजवळ निम्मं झाड गेलं. म्हणून ‘तीस टक्के कापा’ या वाक्याला अर्थ नाही. उंचीचे तीस, पानांचे तीस की घेराचे तीस? कंत्राटदाराच्या डोळ्यांतले तीस टक्के म्हणजे बहुधा टेम्पो भरेल इतके.

एका वेळी जिवंत पानोळ्याच्या चौथ्या भागापेक्षा जास्त काढू नये. चाळीशी-पन्नाशीच्या झाडात दहा-पंधरा टक्के पुरे. जास्त हवं असेल तर दोन टप्पे, मध्ये किमान दोन पावसाळे.

थोडंसं टोक मागे घेऊन वाऱ्याचा ताण एवढा कसा उतरतो? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी चाळीसचा वारा ऐंशीवर गेला की झाडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. आणि हा दाब जितका उंचावर किंवा जितका टोकाला लागतो, तितका बुंध्यावर आणि फांदीच्या खांद्यावर पिळा जास्त. पान्याचा दांडा लांब असला की नट सहज फिरतो, तोच प्रकार. म्हणून टोकाची दीड मीटर पालवी काढल्याने जो फरक पडतो, तो आतल्या डझनभर फांद्या तोडून पडत नाही.

आतल्या फांद्या तोडण्याचं वेड मात्र सगळीकडे आहे. ‘मधून मोकळं करा, उजेड येऊ दे’ असं सांगितलं की कामगार बुंध्याजवळ उभे राहून हाताला लागेल ते सगळं उतरवतात. सोपं पडतं ना! उरतात लांबलचक उघड्या फांद्या आणि टोकाला पानांचा गोंडा, सिंहाच्या शेपटीसारखा. सगळं वजन टोकाला गेलं, आणि वाऱ्यात फांदीचा झोका मोडणाऱ्या आतल्या डहाळ्याही गेल्या. अशी फांदी मधोमध मोडते. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबई-ठाण्यात जागोजागी झाडं आणि फांद्या पडल्या. पुढचं वादळ येईल तेव्हा आपल्या आवारात असे गोंडे लटकलेले नसावेत एवढं तरी हातात आहे.

तीन काप

पूर्ण फांदी काढायची असेल तेव्हा बुडाशी नीट बघा. फांदी खोडाला मिळते तिथे खालून थोडी फुगवटी असते, बांगडीसारखी. हिला कॉलर म्हणतात. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक खरबरीत काळपट कड उतरत गेलेली दिसते. झाडाची कुज अडवणारी भिंत या फुगवटीच्या आत तयार होते. शेवटचा काप कडेच्या लगेच बाहेरून सुरू होऊन फुगवटीच्या लगेच बाहेर संपला पाहिजे. तो खोडाला समांतर नसतो, खाली येताना किंचित बाहेर जातो.

थेट तिथेच करवत लावली तर फांदी अर्ध्यात आपल्या वजनाने खाली वाकते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून तीस-चाळीस सेंटीमीटरवर, खालून वर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत एक काप. मग त्याच्या चार-पाच सेंटीमीटर पुढे, टोकाच्या बाजूला, वरून खाली दुसरा काप. इथे फांदी मोडून पडते आणि चीर पहिल्या कापाशी थांबते. आता उरलेला हलका तुकडा हाताने धरून तिसरा, खरा काप.

फुगवटीच्या आत कापलं तर भिंतच तोडली. लांब कापलं तर खुंटी राहते, ती मरते, आणि तिच्या आडून जखम झाकणारी नव्या लाकडाची कड पुढे सरकू शकत नाही. काम बरोबर झालं की नाही हे वर्षभराने कळतं. जखमेभोवती सगळीकडून सारखी, मेदूवड्यासारखी गोल कड आली असेल तर काप अचूक. कड फक्त डाव्या-उजव्या बाजूला आली आणि वर-खाली लाकूड उघडंच असेल, तर काप खोडाला घासून घेतला गेला.

कोयत्याने हे जमत नाही. कोयता लाकूड कापत नाही, फोडतो; काप दातेरी होतो, फांदी चिरते. बोटाएवढ्या डहाळ्यांना सिकेटर (छाटणीची कात्री), दहा सेंटीमीटरपर्यंत वाकड्या पात्याची छाटणीची करवत, त्यापुढे चेन सॉ. चेन सॉ दोन्ही हातांनीच चालवायचा. शिडीवर उभं राहून तर कधीच नाही.

कापावर डांबर, ऑइल पेंट, गेरू-चुना फासायची पद्धत आहे. त्याने कुज थांबत नाही. उलट जाड लेपाखाली ओल कोंडते. नगरपालिकेचं लाल-पांढरं रंगवलेलं झाड बघून सवय झाली आहे, दुसरं काही नाही. आंबा-फणसासारख्या फळझाडांना बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक म्हणून. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, वेगवेगळे भिजवून, एकूण दहा लिटर पाण्यात. धातूच्या भांड्यात कालवू नये. पण चुकीच्या कापाला तीही वाचवत नाही.

प्रत्येक झाडाचा स्वभाव

रेन ट्री उंचीपेक्षा आडवा जास्त पसरतो, त्यामुळे त्याच्यात टोकं मागे घेणं हेच मुख्य काम. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्याला थोडं थोडं, वेळेवर. पीतमोहर बऱ्यापैकी सोसतो. वड, पिंपळ, उंबर छाटणी पचवतात, म्हणून त्यांच्यावर सर्वांत जास्त अत्याचार होतात. उभ्या वाढणाऱ्या अशोकाचा शेंडा छाटला की तिथून चार-पाच शेंडे निघतात आणि त्या सडसडीत आकाराचा झाडू होतो. अशोक चुकीच्या जागी असेल तर छाटणी हा त्यावर इलाज नाही. नारळाचं तर कमी करण्यासारखं काही नसतंच: वाढीचा कोंब एकच, तो गेला की माड गेला. सुकलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे, बस्स. हिरव्या झावळ्या ओरबाडून माडाची शेंडी ठेवणं हेही नुकसानच.

आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच. दिवाळीच्या सुमारास टोकं कापली तर पुढच्या वर्षीचा मोहोर आपल्या हाताने खाली पाडला. बाकीच्या बहुतेक झाडांना जानेवारी-फेब्रुवारी बरा: हवा कोरडी, झाडाची शिल्लक भरलेली, नवी पालवी अजून फुटायची. नवी कोवळी पालवी फुटत असताना कापणं सर्वांत महाग पडतं, कारण ती पालवी शिलकीतूनच फुटलेली असते आणि अजून परतफेड झालेली नसते. मे महिन्यात घाईघाईने होणारी छाटणी वाळक्या आणि मोडक्या फांद्यांपुरतीच ठेवावी. त्या कधीही काढता येतात.

चढण्याआधी घरटी, ढोली आणि मोहोळ बघून घ्या. पावसाळ्यात बगळे, उन्हाळ्यात कावळे, त्याआधी ढोल्यांतले पोपट आणि तांबट. अंडी-पिल्लं असताना फांदी उतरवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कक्षेत येतं.

कागद

झाड आपल्या आवारात आहे म्हणजे त्यावर आपलीच सत्ता, हा समज सार्वत्रिक आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात ‘तोडणे’ या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे मुंडणसुद्धा. ठाण्यात ठाणे महापालिकेच्या, नवी मुंबईत तिथल्या महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यायचा. सोबत झाडाचे चारही बाजूंचे फोटो, जागेचा ढोबळ नकाशा आणि सोसायटीचा ठराव जोडला तर पाहणीला आलेल्या माणसाचं काम सोपं होतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं. सिडकोची स्थापना १९७०ची; त्या दशकात लावलेली झाडं आता या वयाला टेकलीत, हे नवी मुंबईच्या जुन्या सोसायट्यांनी ध्यानात ठेवावं.

वर्क ऑर्डरमध्ये टक्के लिहू नका, शेवट कसा दिसायला हवा ते लिहा. उदाहरणार्थ: ‘झाड क्र. ३, रेन ट्री, सध्याची उंची सुमारे १४ मीटर. काम संपल्यावर उंची सुमारे १२.५ मीटर. इमारतीच्या बाजूच्या फांद्या भिंतीपासून दोन मीटर दूर. प्रत्येक काप उपफांदीपर्यंत, उपफांदी निदान एक तृतीयांश जाडीची. दहा सेंटीमीटरपेक्षा जाड काप आधी दाखवून. आतल्या निरोगी फांद्या काढायच्या नाहीत. काट्यांचे बूट घालून चढायचं नाही.’ लाकूड कंत्राटदाराने न्यायचं आणि त्या बदल्यात मजुरी कमी, असा सौदा मुळीच करू नये. मग तो जाड फांद्याच शोधणार, दुसरं काय करणार?

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी वजनाचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण ८०० ते १००० किलो. वीस सेंटीमीटर जाड, तीन मीटर लांब तुकडा म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलो, सिमेंटच्या दीड गोणीपेक्षा जास्त. तो सोडून द्यायचा नाही, वरच्या बेचक्यातून दोर फिरवून उतरवायचा. खालची जागा झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत मोकळी हवी. गाड्या आदल्या रात्रीच हलवा. विजेच्या तारा तीन मीटरच्या आत असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणीही चढू नये. ओली फांदी वीज वाहून नेते.

छाटणीने जे सुटत नाही ते ओळखणंही यातच आलं. बुंध्याशी कडक, अर्धवर्तुळाकार अळंबी उगवली असेल, एका बाजूची माती उचलली गेली असेल, झाड नुकतंच कलायला लागलं असेल किंवा केबलच्या चरासाठी बुंध्यालगतची मुळं कापली गेली असतील, तर दुखणं जमिनीत आहे. नवी मुंबईच्या भरावाच्या जमिनीवर मुळं तशीही खोल जात नाहीत. अशा वेळी आधी बुंध्याभोवतीचं पेव्हर-काँक्रीट किमान एक मीटरपर्यंत काढा आणि उद्यान विभागाला तपासणीसाठी बोलवा.

आणि ज्या झाडांचं मुंडण आधीच झालं आहे त्यांचं? पहिल्या वर्षी काहीही कापू नका. त्या पाणसोटांची पानंच आता झाडाला जगवतायत. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावरचे दोन-तीन जाडजूड, वेगवेगळ्या दिशांना गेलेले पाणसोट निवडा, त्यांच्या शेजारचे कमजोर थोडे काढा, उरलेल्यांचे नुसते शेंडे मागे घ्या म्हणजे निवडलेले पुढे जातील. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आणखी थोडे. सात-आठ वर्षांत पुन्हा फांद्यांसारख्या फांद्या दिसू लागतात, पण त्यांची पकड कच्चीच असते. दर दोन वर्षांनी त्यांची टोकं हलकी करायची, आणि त्यांच्या खाली कायमचं पार्किंग द्यायचं नाही.